चढणीवरची सायबीण

पणजीच्या इगर्जीसमोर, म्हणजे तिथल्या चर्चसमोर, उभे राहिले, की नजर आधी इगर्जीपर्यंत पोहोचतच नाही. ती पायऱ्यांवरच रेंगाळते. टेकडीच्या उतारावरून पांढऱ्या कठड्यांचे जिने दोन अंगांना फाकतात, वळतात, जवळ येतात, पुन्हा दूर होतात, आणि प्रत्येक वळणागणिक त्यांच्यामागची भिंत थोडी आणखी वर चढल्यासारखी वाटते. शुभ्र लुगड्याच्या निऱ्या कमरेपासून पावलांपर्यंत उलगडत याव्यात, तसा हा जिना वरच्या वास्तूपासून खालच्या चौकापर्यंत उतरलेला आहे. या नेसणीमुळेच वरची मूर्ती उंच भासते, हे लक्षात यायला आपल्याला थोडा वेळ लागतो. कारण निष्कलंक गर्भसंभव मातेचे हे मंदिर स्वतः काही फार मोठे नाही. दोन बाजूंना बसके मनोरे, मध्ये घंटा धारण करणारी उंच कमान, तिच्या माथ्यावर क्रूस. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलच्या विस्तारापुढे ही सारी रचना एखाद्या गावच्या देवघराइतकी आटोपशीर वाटावी. पण से कॅथेड्रलसमोर आपण सपाट हिरवळीवरून चालत जातो. इथे मात्र आपल्याला चढून जावे लागते.

आणि हे चढणे किती विचारपूर्वक योजले आहे! सरळ जिना माणसाला वर नेऊन सोडतो आणि त्याचे काम तिथे संपते. हा जिना आपल्याला वाटेत वळवतो. क्षणभर इगर्जीकडे पाठ होते, मग कूस बदलते. कधी या अंगाचे शहर समोर येते, कधी त्या अंगाचे. कौलारू छपरे, माड, चौकातली वर्दळ, खाली उरलेली स्वतःचीच वाट. मंदिराकडे जाताना ज्या संसारातून आपण आलो, त्याच्याकडे पुन्हापुन्हा पाहून घ्यायची मुभा हा जिना देतो, आणि प्रत्येक वेळी तो संसार थोडा लहान झालेला असतो. पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराजवळ बॉम जेझुस दो मोंते नावाचे तीर्थस्थान आहे. तिथला नागमोडी जिना यात्रेकरूंमध्ये आणि वास्तुप्रेमींमध्ये सारखाच प्रसिद्ध आहे. पणजीच्या पायऱ्या पाहताना जाणत्यांना त्याची आठवण होते, ती अगदी स्वाभाविक आहे. मला मात्र पणजीचा जिना अधिक जवळचा वाटतो. ब्रागाचा जिना रानातून चढतो. हा भर बाजारातून चढतो.

गंमत अशी, की जो जिना आज इगर्जीचा चेहरा झाला आहे, तो तिच्या आयुष्यात फार उशिरा आला. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, घंटेची कमान १८७१ ची. मूळ चॅपल मात्र १५४१ चे आहे. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे लोक या टेकडीवर आले, गुडघे टेकून गेले, पण आज आपण जे रूप डोळ्यांत साठवतो ते त्यांतल्या कुणालाच दिसले नाही. वास्तूचे सौंदर्य एका हाताने, एका आराखड्याने घडते असे आपण सहज धरून चालतो. इथे ते पिढ्यांच्या हातून हळूहळू, गरजेगरजेने घडलेले दिसते, आणि म्हणून या इगर्जीचा इतिहास वाचताना मला एखाद्या घराण्याची बखर वाचल्याचा आनंद होतो: कोण कधी आले, काय घेऊन आले, काय मागे ठेवून गेले.

त्या पहिल्या चॅपलची आपण कल्पना करून पाहू. १५४१ ची पणजी म्हणजे शहर नव्हे. मांडवीच्या काठावर आदिलशाहीच्या काळात बांधलेला वाडा, आसपास दलदल, माडांच्या बागा, मासेमारी करणारी वस्ती, आणि मागे ही टेकडी. राजधानी होती नदीच्या वरच्या अंगाला, आज ज्याला आपण जुने गोवे म्हणतो तिथे. लिस्बनहून निघालेली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून, वारा अनुकूल असला तर सहा महिन्यांनी गोव्याच्या बाऱ्याशी लागत. अनुकूल नसला तर किती महिने लागतील याचा नेम नसे. वाटेत खारवलेले मांस आणि सडलेले पाणी, हिरड्या सुजवणारा रोग, वादळे. ज्यांच्याबरोबर निघाले त्यांतल्या कित्येकांना समुद्रात सोडून, उरलेले लोक मांडवीच्या मुखातून आत शिरत, आणि राजधानीच्या धक्क्याला लागण्याआधी पणजीला उतरून या टेकडीवर येत. देवाच्या आईसमोर उभे राहून पोहोचलो एवढेच सांगण्यासाठी. या इगर्जीचा पाया असा सुटकेच्या निःश्वासावर घातलेला आहे.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून निघाला. मोझांबिकमध्ये त्याला बरेच महिने अडकून पडावे लागले आणि तो गोव्यात पोहोचला ६ मे १५४२ ला. आज ज्याच्या नावाशिवाय गोव्याच्या ख्रिस्ती इतिहासाचे पान उलटत नाही, तो संत जेव्हा मांडवीच्या मुखातून आत आला, तेव्हा या टेकडीवर सायबिणीचे छोटे घर उभे होते. तारखांची ही शेजारीण-भेट मला फार सुखावते. गोव्यातल्या भव्य इगर्जींच्या कितीतरी आधीची ही लहानशी जागा आहे. जुन्या गोव्यातली बॉम जेझुसची इगर्ज नव्हती, से कॅथेड्रलची आजची वास्तू नव्हती, पण नदीवरून येणाऱ्याला पहिला दिलासा देणारे हे ठिकाण होते.

आता या सायबिणीच्या रूपाकडे वळू. गोव्यातले ख्रिस्ती लोक मरियेला मायेने सायबीण म्हणतात, आणि तिची रूपे अनेक: रोझारची, दुःखी जनांची, मिलाग्रची. पणजीची सायबीण ही निष्कलंक गर्भसंभवाची. मरिया आपल्या आईच्या उदरात आली त्या पहिल्या क्षणापासूनच आदिपापाच्या डागापासून मुक्त होती, ही ती श्रद्धा. धर्मसिद्धान्त म्हणून तिची अधिकृत घोषणा नववे पोप पायस यांनी केली ती ८ डिसेंबर १८५४ रोजी. म्हणजे रोममध्ये जे वाक्य शब्दबद्ध व्हायला आणखी ३१३ वर्षे लागणार होती, ते मांडवीकाठच्या या टेकडीवर आधीच वास्तूला नाव म्हणून दिले गेले होते. पोर्तुगीजांची या रूपावर विलक्षण भक्ती. १६४६ मध्ये राजा चौथा जुआंव याने तिला आपल्या देशाची संरक्षक म्हणून घोषित केले. पंडितांची चर्चा शतकानुशतके चालली. निष्कलंक मरिया मानवजातीच्या मुक्तीच्या नियमाबाहेर कशी राहील, हा प्रश्न थोर थोर धर्मवेत्त्यांना पडला होता. खलाशांना तो पडला नाही. ज्या समुद्रावर कुठलीच गोष्ट निर्मळ राहत नाही, पाणी नाही, अन्न नाही, वस्त्र नाही, शरीर नाही, तिथून सहा महिन्यांनी सुटून आलेल्या माणसाला डागाचा स्पर्श न झालेल्या आईचे हे रूप किती हवेसे वाटले असेल, हे आपल्याला तर्काने शोधावे लागत नाही.

१६०० साली हे चॅपल धर्मग्रामाची इगर्ज झाले. कागदावर ही प्रशासकीय घटना, पण तिचा अर्थ फार मोठा आहे. तोवर ही नवस फेडायची, वाटेत थांबायची जागा होती. आता ती राहायची जागा झाली. धर्मग्राम म्हणजे त्याचा स्वतःचा विगार, स्वतःचा बाप्तिस्म्याचा हौद, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी, अंत्यविधीचा हक्क. ज्या टेकडीवर परके लोक येऊन आभार मानून पुढे जात, त्या टेकडीवर आता इथेच जन्मणाऱ्या आणि इथेच मातीआड होणाऱ्या माणसांची नावे लिहिली जाऊ लागली. लवकरच जुनी वास्तू अपुरी पडली आणि तिच्या जागी मोठी इगर्ज उभी राहिली. ती १६१९ साली पुरी झाली.

या १६१९ वर थोडे थांबायचा मोह आवरत नाही. जुन्या गोव्यात ज्या से कॅथेड्रलचे काम १५६२ पासून चालले होते, त्याची मुख्य वास्तू याच वर्षी पूर्णत्वाला आली. आणि याच वर्षी फादर थॉमस स्टीफन्स यांचा गोव्यात मृत्यू झाला. त्यांचे ख्रिस्तपुराण तीन वर्षे आधी, १६१६ मध्ये, राशोल येथे छापले गेले होते. इंग्लंडातून आलेल्या या जेझुइटाने मराठीच्या ओवीला ख्रिस्तकथा सांगायला लावली, आणि त्याच मुलखातले गवंडी युरोपच्या आराखड्यांना कोकणच्या जांभ्या दगडात बोलायला लावत होते. स्टीफन्स यांचा पणजीच्या इगर्जीशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. त्यांची कर्मभूमी साष्टी. पण वातावरण एकच होते. परक्या मायदेशाचा आशय आणि इथल्या मातीचे माध्यम, या दोहोंचा मेळ ग्रंथात आणि भिंतीत एकाच काळी बसत होता, हे आपण मराठी वाचकांनी तरी नजरेआड करू नये.

पुढची दीड-दोन शतके पणजीची इगर्ज आपल्या टेकडीवर शांतपणे नांदली. बदलत होते ते नदीच्या वरच्या अंगाचे जग. रोगराईने जुने गोवे पोखरले गेले, व्यापार ओसरला, घरे रिकामी पडू लागली. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला. पुढे एकोणिसाव्या शतकात दलदली बुजवून, वाळूचे उंचवटे सपाट करून, सरळ रस्ते आखून एक नवे नगर उभे राहिले. १८४३ मध्ये ते अधिकृत राजधानी झाले. आता पाहा, काय घडले! जी इगर्ज राजधानीच्या वाटेवरचा एक थांबा होती, तिच्याच पायथ्याशी राजधानी चालत आली.

आणि त्या राजधानीबरोबर एक घंटाही आली.

या घंटेकडे आपण सावकाश पाहू, कारण इगर्जीच्या दर्शनी भागाचे सारे व्याकरण तिच्याभोवती रचलेले आहे. ती मूळची पणजीची नाहीच. जुन्या गोव्यातल्या पवित्र टेकडीवर ऑगस्टिनी संन्याशांचा प्रचंड मठ होता. त्याची ग्रासा मातेची इगर्ज सतराव्या शतकाच्या आरंभी पुरी झाली. ही घंटा त्या इगर्जीची. पोर्तुगालमध्ये १८३४ साली संन्यासी संघ बरखास्त झाले, त्याची अंमलबजावणी पुढल्या वर्षी गोव्यात झाली, मठ ओस पडला. माणसांचा वावर संपलेल्या इमारतीला कोकणचा पाऊस किती दिवस सांभाळणार? १८४२ मध्ये मुख्य वास्तूचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज तिथे जांभ्या दगडाचा सुमारे ४६ मीटर उंचीचा एकच भग्न मनोरा आकाशात शिल्लक आहे, आणि त्याला पाहायला जगभरचे प्रवासी येतात. मनोरा तिथे राहिला. त्याचा आवाज मात्र आधी आग्वादच्या किल्ल्यावर गेला, आणि तिथून १८७१ मध्ये पणजीच्या या इगर्जीवर आला.

सुमारे सव्वादोन टनांची ही घंटा. गोव्यातल्या सर्व घंटांमध्ये आकाराने तिचा क्रम दुसरा. पहिली ती से कॅथेड्रलमधली, सुवर्णघंटा म्हणून ओळखली जाणारी. एवढे वजन पूर्वीच्या साध्या दर्शनी भागात कुठे टांगायचे? म्हणून मध्यभागी ती उंच कमान उभारली गेली, आणि तिने इगर्जीचा सारा तोल बदलून टाकला. गोव्यातल्या बहुतेक जुन्या इगर्जींत घंटा बाजूच्या मनोऱ्यात असतात. डोळा तिथे सहज जात नाही, कानच त्यांची दखल घेतो. पणजीत घंटा ऐन मध्यावर, दाराच्या थेट वर, आकाशाच्या चौकटीत दिसते. बाजूचे मनोरे बसके का वाटतात याचे उत्तर इथे मिळते: मधल्या कमानीने उंचीचा सगळा मान स्वतःकडे घेतला आहे. आणि मग खालच्या जिन्याचे नागमोडी वळण आपल्याला नव्याने समजते. दोन्ही अंगांनी फाकणाऱ्या त्या रेषा प्रत्येक टप्प्यावर ज्या मध्यरेषेकडे परतत राहतात, तिच्या टोकाला ती घंटा आहे. वरची उभी रेषा आणि खालच्या आडव्या लयी यांनी एकमेकींना जणू ओळखून हाक दिली आहे. उद्ध्वस्त मठाचा वारसा सांभाळण्याची गरज पडली, आणि त्या गरजेतून गोव्यातले सर्वांत देखणे नगरदृश्य जन्माला आले. हे माझे मत ठाम आहे.

आत जाऊ. बाहेरच्या शुभ्रतेनंतर आत डोळ्यांना सोन्याचा साक्षात्कार होतो, पण तो अंगावर येणारा नाही. एकच लांब सभागृह, आणि समोर वेदी: मध्ये निष्कलंक मातेची मुख्य वेदी, एका बाजूला क्रूसावरचा येशू, दुसऱ्या बाजूला रोझारची माता. कोरीव लाकडावर मुलामा दिलेल्या या वेदींत वेली, पाने, स्तंभ, देवदूतांचे चेहरे यांची दाटी आहे. तरी भोवतालच्या साध्या भिंतींनी ती दाटी आवरून धरली आहे. से कॅथेड्रलच्या किंवा बॉम जेझुसच्या वेदींपुढे माणूस लहान होतो. इथे तो लहान होत नाही. बाकावर बसतो, आणि वेदी त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहते. धर्मग्रामाच्या इगर्जीला हेच प्रमाण शोभते. इथे रोज येणारी माणसे आहेत, आणि रोजच्या डोळ्यांना दिपवून चालत नाही.

दक्षिणेच्या बाजूला फ्रान्सिस झेवियरचे चॅपल आहे, आणि त्यातल्या वेदीमागची कोरीव चौकटही पाहुणीच. व्हाइसरॉयच्या वाड्यात, म्हणजे त्याच जुन्या आदिलशाही वाड्यात, जे खासगी चॅपल होते, तिथली ती. गव्हर्नरचा मुक्काम १९१८ मध्ये वाड्यातून काबोला हलला, तेव्हा ही चौकट इगर्जीत आली. त्याच वाड्यातला क्रूस शेजारच्या फोंतेन्यासमधल्या सेबास्तियनच्या चॅपलमध्ये गेला. म्हणजे पाहा: भग्न मठाची घंटा माथ्यावर, रिकाम्या झालेल्या वाड्याची वेदी कुशीत. ज्या ज्या घरातून माणसे उठून गेली, त्या त्या घरची एकेक वस्तू या टेकडीवर वस्तीला आली. सुरुवातीला ज्या सायबिणीने समुद्रावरून आलेल्यांना थारा दिला, तिने पुढे बेघर झालेल्या वास्तूंच्या अवशेषांनाही थारा दिला. तिच्या स्वभावातच ते असावे.

आणि तो पांढरा रंग! गोव्यात पोर्तुगीज काळापासून एक संकेत चालत आला: घरे गेरूची, पिवळी, निळी रंगवायची, निर्मळ पांढरा रंग देवाच्या घराचा. फोंतेन्यासच्या गल्लीतून फिरून आलेला माणूस वळून या चौकात आला, की या संकेताची किमया त्याला कुणी समजावून द्यावी लागत नाही. साऱ्या रंगांच्या मेळ्यात एकट्या शुभ्रतेला जे तेज येते, ते तिला एरवी कुठे मिळाले असते? पण ही शुभ्रता फुकटची नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभा दगड पाणी पितो, भिंतींना शेवाळ धरते, कठड्यांच्या पोटाशी काळे ओघळ उतरतात. आणि पावसाळा सरला की पुन्हा रंगाचे डबे, पुन्हा बांबूच्या परांच्या, पुन्हा हात. निष्कलंकतेचे नाव धारण करणाऱ्या वास्तूला दर पावसाळ्यानंतर पुन्हा निष्कलंक करावे लागते, आणि चारशे वर्षे ते कुणी ना कुणी करीत आले आहे. कुठल्याही शिलालेखावर ज्यांचे नाव नाही, अशा त्या रंगाऱ्यांना या सौंदर्यातला मोठा वाटा जातो.

हे सारे तेज एकवटते ते डिसेंबरात. ८ डिसेंबर हे सायबिणीचे फेस्त. आधी नऊ दिवस नोवेना चालते; संध्याकाळी पायऱ्यांवरून माणसे चढत असतात, म्हाताऱ्या बाया कठड्याला हात टेकत, मुले दोन-दोन पायऱ्या ओलांडत. इगर्ज दिव्यांच्या माळांनी उजळते, खालच्या रस्त्यांवर फेरी भरते, खाज्यांचे ढीग लागतात, खेळण्यांची आणि कपड्यांची दुकाने थाटली जातात, आणि त्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचा हे कुणी विचारीत नाही. फेस्ताच्या रात्री खालून पाहिलेला जिना दिवसापेक्षा निराळा दिसतो: दिवसा त्यावर रेषा दिसतात, रात्री त्यावर माणसे दिसतात. त्या क्षणी हा जिना खऱ्या अर्थाने पुरा होतो, कारण तो मुळात चढणाऱ्या माणसांसाठीच आखलेला होता.

एरवीच्या दिवसांत मात्र बहुतेक प्रवासी पायथ्याशी थांबतात, कॅमेरा वर करतात आणि परततात. रसिक वाचकहो, तेवढ्यावर समाधान मानू नका. चढून जा, वाटेत वळणावर थांबून मागे पाहा, वर पोहोचल्यावर मान उंचावून त्या घंटेकडे पाहा आणि मग आत बाकावर बसा. लक्षात एवढेच असू द्या, की ही नांदती इगर्ज आहे. इथे कोंकणीत, इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये मिस्सा होते, मुलांचे बाप्तिस्मे होतात, लग्ने लागतात, गेलेल्यांना निरोप दिला जातो. मिस्सा चालू असेल तर ती पुरी होईपर्यंत बसून राहा. वेदीजवळ जाऊन कोरीव काम पाहायला त्यानंतर भरपूर वेळ मिळतो.